चांदीपची कोनशिला

माझ्या थोरल्या बहिणीला सगळं माझ्याआधी मिळालं. सायकल तिला आधी, कानातली फुलं तिला आधी, नवरा तर आधी मिळणारच. घरात गॅस तिच्याकडे आला तेव्हा मी अजून फुंकणी घेऊन चुलीपुढे बसत होते. ही चार मी सोडून दिली. थोरलीचं थोरलीला, हे आमच्या आईनं लहानपणीच मनावर बिंबवलं होतं. पाचवी गोष्ट मात्र सोडवेना. ती म्हणजे अंगणवाडीची इमारत.

नव्वदीचं दशक अर्धं उलटलं होतं. आम्ही दोघी बहिणी एकाच तालुक्यात अंगणवाडी सेविका होतो. माहेर खाडीकाठचं, भाताचं आणि मिठागरांचं. तिथून ताईला पूर्वेला चांदीपला दिली आणि मला पश्चिमेला वटारला. दोघींना मानधन सारखं, रजिस्टरं सारखी, वर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकाबाईही एकच. दोघींच्या अंगणवाड्यांना इमारत नव्हती. ताईची एका गोठ्याला लागून असलेल्या पडवीत भरायची, माझी सासूबाईंच्या ओटीवर. तोवर आम्ही बरोबरीत होतो.

ओटी प्रशस्त होती, हे खरं. पण ती सासूबाईंची होती, आणि हे त्या रोज एकदा तरी सांगत. तुळयांना केळीचे लोंगर टांगलेले असत, खाली पोरं मुळाक्षरं म्हणत. वरचं एखादं पिकलेलं केळं सुटून पडलं की तासभर कुणाचं अक्षरांकडे लक्ष नसे. एका कोपऱ्यात सुकेळ्यांच्या, म्हणजे सोलून वाळवलेल्या केळ्यांच्या, परड्या, दुसऱ्यात मोगऱ्याच्या टोपल्या, तिसऱ्यात माझा वजनकाटा. उरलेला कोपरा मुलांचा.

पटावरची बहुतेक मुलं बावखलामागच्या झोपड्यांतली. बावखल म्हणजे केळी-मोगऱ्याच्या वाड्यांना पाणी देणारं आमच्याकडचं खोदलेलं तळं. त्याच्या पलीकडे मजूर कुटुंबं राहत. पूर्वेच्या आदिवासी पाड्यांतून वाड्यांवर कामाला आलेली आणि तिथेच राहिलेली. आया उजाडताच मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जात आणि जाता जाता पोरं माझ्या ओटीवर सोडत. काही पोरं येताना झोपेतच असत.

त्या वर्षी माझ्या धाकट्या दिरानं वेगळं व्हायचं ठरवलं. वाटणीत ओटी त्याच्याकडे गेली. पुढच्या वर्षी दिवाळी झाली की ओटी पाडायची आणि तिथे त्याच्या दोन खोल्या उठवायच्या, असं ठरलं. मी मुख्यसेविकाबाईंना विचारलं, मग माझ्या अंगणवाडीचं काय?

"जागा नसेल तर केंद्र शेजारच्या गावाला जोडावं लागेल," त्या म्हणाल्या.

शेजारच्या गावापर्यंत चार वर्षांचं पोर चालत जाणार नाही, आणि कळ्या टाकून आई त्याला पोहोचवणार नाही. म्हणजे मुलांची उसळ बंद, वजन बंद, लसीची आठवण करणारं कुणी नाही. आणि माझं काम बंद. सगळं इमारत मिळण्या-न मिळण्यावर येऊन ठेपलं होतं. मी कामांची यादी करून दिवस काढणारी बाई आहे. तेव्हापासून रोजच्या यादीत वरती एकच काम असायचं आणि संध्याकाळी ते खोडायला मिळायचं नाही.

त्याच सुमारास कळलं की जिल्ह्याकडून तालुक्यात थोड्या अंगणवाड्या बांधायच्या आहेत आणि कुठे बांधायच्या ते ठरवायला एक साहेब गावोगाव पाहणीला येणार आहेत.

सरकारचा पैसा कुठे जातो, यावर वटारात प्रत्येकाचं मत तयार होतं. माझे यजमान म्हणत, "मतं जिथं, पैसा तिथं. निवडणुकीआधी खडी, निवडणुकीनंतर खड्डे." सरपंच आमच्या भावकीतले. ते ओटीवर बसून चहा पिताना म्हणाले, "मतांनी होत नाही, सूनबाई. हेड लागतं."

"हेड म्हणजे?"

"पेटी. प्रत्येक पैशाची पेटी वेगळी. रस्त्याच्या पेटीतला पैसा पुलाला लागत नाही. आपल्या गावाची पेटी रिकामी असली तर मंत्र्यानं हात घातला तरी काय निघणार?"

सासूबाई केळी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पेटी नाही आणि बिटी नाही. आल्यागेल्याचा मान ठेवला की मिळतं. वटारात आलेला माणूस उपाशी गेला नाही कधी."

सासूबाईंच्या या वाक्यातच आमचा घात होता, पण तेव्हा ते कुणाला कळलं नाही.

साहेब श्रावणात येणार म्हटल्यावर गावानं ते मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत अशा थाटात घेतलं. अंगण सारवलं. ओटीवरचे लोंगर उतरवले, जळमटं झाडली. शहाळी काढून ठेवली, सुकेळ्यांचे पुडे बांधले, घरोघरच्या चादरींमधून चांगल्या निवडून ओटीवर अंथरल्या. मला वाटलं, ठीक आहे, स्वच्छता दिसलेली काय वाईट? पण पाहणीच्या सकाळी बावखलामागून एकही पोर आलं नाही.

मी आत गेले. "आई, मुलं कुठे आहेत?"

"आहेत की. येतायत."

"माझी मुलं. पटावरची."

"त्यांच्या आयांना आज समुद्राकडच्या वाडीत लावलंय कामाला. पोरं गेली त्यांच्याबरोबर."

"अहो, पण साहेब त्यांनाच बघायला येतायत!"

सासूबाई पदर खोचत म्हणाल्या, "उघडीनागडी, शेंबडी पोरं साहेबापुढे बसवायची? गावाची काही अब्रू आहे की नाही? तू उसळ बघ."

मग आली ती पोरं भावकीतल्या घरांतली. कुणाची नात, कुणाचा पुतण्या, एक तर पहिलीत जाणारा, शाळा बुडवून आणलेला. सगळ्यांना पावडर, सगळ्यांना तेल, मुलींच्या केसांत मोगरा. मी समुद्राकडच्या वाडीकडे धावत जायला निघाले होते, तेवढ्यात जीप दारात आली.

साहेब भले होते. चपला काढून ओटीवर चढले, शहाळं घेतलं, मुलांमध्ये बसले. एका गुबगुबीत पोराला विचारलं, "काय रे, सकाळी काय खाल्लंस?"

"अंडं, पाव आणि केळं," तो म्हणाला. "आणि दूध अर्धं सांडलं."

साहेब हसले. शेजारच्या मुलीला म्हणाले, "तू रोज येतेस ना इथे?"

"नाही," ती म्हणाली. "आज आजी म्हणाली, बसलीस तर नवा फ्रॉक."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की फ्रॉक तिथेच रद्द झाला असणार. साहेबांनी वजनकाट्यावर दोन-तीन मुलं घातली. काटा आनंदानं पुढे गेला. मी म्हणाले, "साहेब, ही सगळी पटावरची नाहीत. पटावरची मुलं आज..." सरपंच मध्येच म्हणाले, "साहेब, सुकेळी घेऊन जा. वटारची सुकेळी म्हणजे वटारचीच." जीपमध्ये पुडे ठेवले गेले. साहेब माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, "बाई, तुमचं गाव सुखी आहे हो. अशी ओटी मला कुठे दिसली नाही."

साहेब वाईट बोलले नाहीत, त्यांनी जे पाहिलं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चांदीपला गेले. तिथे काय झालं ते मला पोळ्याच्या सुमारास माहेरी कळलं. आम्ही दोघी आईकडे भाताच्या पेजेशी सुकी मासळी खात बसलो होतो. माहेरच्या गावात जीभ 'ण' कडे वळतच नाही. एकत्र आलो की मीही वटारचं बोलणं सोडून 'पानी'च म्हणते.

"तुझ्याकडं साहेब आला होता ना?" मी विचारलं.

"आला होता." ताई काटे काढत होती.

"तू काय केलंस?"

"काय करनार? रोजच्यासारखी बसले होते. पडवी गळत होती. तो येऊन बरोबर थेंबाखाली बसला. मी म्हटलं, साहेब, जरा सरका, ती भांड्याची जागा हाय."

आई हसली. मला हसू आलं नाही.

"मग एक पोर रडत होतं," ताई पुढे म्हणाली, "आनि माझा हात उसळीत. मी ते साहेबाच्या मांडीवर दिलं. त्यानं साहेबाची पँट भिजवली. साहेब म्हनाला, बाई, तुम्हाला मदतनीस नाही का? मी म्हटलं, आज तुम्ही हायत की."

"तू असं बोललीस साहेबाला?"

"तू काय बोललीस?"

"आम्ही त्याला सुकेळी दिली."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. "सुकेळी! अगं, सुकेळी खाऊन मानसाला वाटतं, यांचं पोट भरलेलं हाय. तुझी सासू बाकी ग्रेट बाई."

माझ्या सासूला मी हवं ते बोलेन, ताईनं बोलू नये. मी पेज अर्धी टाकून उठले. आईनं मागून विचारलं, "काय झालं गं तिला?" ताई म्हणाली, "काही नाही. लहान हाय ती."

चांदीपची इमारत मंजूर झाली. वटारची झाली नाही.

त्या वर्षभर मी चांदीपचं नाव निघालं की उठून कामाला लागायचे. मीटिंगला तालुक्याला गेले की ताई विटा आल्याचं सांगायची, मग जोत्याचं, मग स्लॅबचं. स्लॅब पडला त्या दिवशी तिनं पेढे आणले. मी पेढा पदरात बांधला आणि परत येताना पुलावरून टाकून दिला. नंतर वाटलं, निदान खाऊन तरी टाकायचा.

घरी यजमान समजूत काढत. "अगं, त्यांच्याकडे आदिवासी पाडे आहेत. तिकडचा पैसा वेगळ्या पेटीतून येतो. आपल्याला ती पेटी नाहीच."

"मग बावखलामागे कोण राहतं?" मी म्हणाले. "ती माणसं तिथूनच आलीत ना?"

"आली ना? मग तिथून गेली."

मी भांडी आपटत घासायला घेतली.

पुढच्या भाद्रपदात उद्घाटन होतं. जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण न जाण्यासाठी जे धैर्य लागतं ते माझ्यात नव्हतं. वटारहून दोन गाड्या बदलून चांदीपला पोहोचले. भात पोटरीला आलेलं, आणि त्याच्या मध्ये ती इमारत.

मी आत शिरून एकेक गोष्ट तपासली. डोक्यावर स्लॅब. खिडक्यांना ग्रिल. भिंतीवर रंगवलेली फळं, त्यांत केळंसुद्धा होतं, आमच्याकडच्यापेक्षा पिवळं. स्वयंपाकाला काळ्या दगडाचा ओटा, त्याच्यावर चकाकणारा नळ. मुलांच्या मापाचा संडास. मी कोपऱ्यात जाऊन भिंतीचा रंग नखानं खरवडून पाहिला. निघाला नाही. नळ सोडून बघावा असं मनात आलं, पण तेवढ्यात ताईच्या सासूबाई समोर आल्या.

"आलीस? बघ, बघ आमचं. तुमच्याकडं काय नाय आलं वाटतं?"

"येईल," मी म्हणाले.

"येईल की. आंब्याचं झाड पन एकदा मोहरत नाय, दुसऱ्यांदा मोहरतं." आणि माझा हात धरून त्यांनी मला बाहेर नेलं. दाराच्या बाजूला भिंतीत संगमरवरी कोनशिला होती. वरच्या ओळीत, जागा देणार म्हणून, त्यांचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत जिल्ह्याचे अध्यक्ष, सभापती आणि इतर. बाईंना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठे आहे ते बोट नेमकं दाखवत होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी मुख्यसेविकाबाईंना जीपपाशी गाठलं. "बाई, मला खरं सांगा. मी कुठे कमी पडले?"

"तू नाही पडलीस." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा आवाज नेहमी कोरडाच असे, पण त्या दिवशी त्या माझ्याशी बाजूला उभ्या राहून बोलल्या. "तुमच्या ग्रामसभेचे ठराव आमच्याकडे येतात. रस्ता, समाजमंदिर, वेशीवर कमान. अंगणवाडी? एकदाही नाही. चांदीपनं दर वर्षी मागितली."

"आमच्या गावाला नको आहे असं थोडंच आहे?"

"चांदीपच्या सरपंचाची नात इथे या फरशीवर बसते. तुमच्याकडे जे ग्रामसभेत बोलतात, त्यांची पोरं नर्सरीला रिक्षानं जातात. आणि ज्यांची पोरं तुझ्याकडे बसतात, त्या ग्रामसभेत कधी आल्यात?"

"आणि ती आदिवासींची पेटी?"

"ती आहेच. चांदीपचं काम त्यामुळे लवकर झालं, हे नाकारत नाही. पण ती पेटी गावाला लागते, माणसाला नाही. तुझ्या बावखलामागची माणसं पाड्यावरच राहिली असती तर त्यांच्या नावानं खोली झाली असती. पोटासाठी रेल्वेची लाइन ओलांडून आली आणि हिशेबातून गेली." त्या जीपमध्ये चढल्या. "आणखी एक. मागायचं असेल तर जागेसकट माग. बक्षीसपत्र करून दिलेली जागा नसेल तर कागद टेबलावरून हलत नाही. इथे या म्हातारीनं जागा दिली, म्हणून हलला."

परत येताना गाडीत मी कामांची जुळवाजुळव केली. ग्रामसभा दोन ऑक्टोबरला. तोवर मजूर बायकांना तयार करायचं. ते जमलं असतं. जागा मात्र माझ्या हातात नव्हती. आमच्याकडे जमीन गुंठ्यांनी मोजतात आणि भावाभावांत बांधावरून बोलणं तुटतं. तिथे अंगणवाडीला जमीन कोण देणार? बावखलाकडे दोन गुंठ्यांची एक पट्टी सासूबाईंच्या स्वतःच्या नावावर होती. सासऱ्यांनी हयातीत त्यांच्या नावे करून दिलेली. तिच्यावर त्या घेवडासुद्धा दुसऱ्याला लावू देत नसत.

घरी आले तर त्या सुकेळ्यांसाठी केळी सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून दुसरी सुरी घेतली.

"काय बघून आलीस?"

"इमारत."

"बरी आहे?"

"बरी आहे. बाहेर संगमरवर आहे."

"कसला संगमरवर?"

"कोनशिला. ताईच्या सासूबाईंनी जागा दिली ना, त्यांचं नाव आहे त्यावर."

सासूबाईंची सुरी थांबली. "कुठे?"

"सगळ्यात वर."

"अध्यक्षाच्या वर?"

"वर."

"रंगवलंय की कोरलंय?"

"कोरलंय. आत काळा रंग भरलाय."

त्यांनी आणखी एक केळं सोललं. मग म्हणाल्या, "तिला वाचता येतं होय?"

"नाही. नातू वाचून दाखवतो म्हणे. रोज दाखवतो."

माझ्या लग्नात माझ्या आईनं विहिणींचा मान करताना चांदीपच्या विहिणीला आधी कुंकू लावलं होतं. थोरल्या मुलीची सासू म्हणून. तेव्हापासून आईकडच्या कुठल्याही कार्यात सासूबाई उशिरानं जात आणि लवकर निघत. केळ्याची साल त्यांनी टोपलीत ज्या जोरानं फेकली, त्यावरून मला पहिल्यांदाच कळलं की या घरात धाकटी मी एकटी नाही. मी पुढचं केळं सोलायला घेतलं. तेवढं पुरेसं होतं.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा शाळेच्या वर्गात होती. बाकांवर पुरुष, दाराशी चार-पाच बायका. मजूर बायका कळ्या उतरवून टोपल्यांसकट आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. सुट्टी सरकारला असते, मोगऱ्याला नसते.

"ह्या कशाला आल्यात?" कुणीतरी विचारलं.

"गावात राहतात म्हणून," मी म्हणाले.

सरपंचांनी वेशीवरच्या कमानीचा विषय घेतला. कमान झाली की गावाची शोभा वाढेल, असं त्यांचं म्हणणं. मी उभी राहिले आणि म्हणाले, कमानीआधी अंगणवाडीचा ठराव घ्या. एक जण म्हणाला, "ओटी आहे की इतकी मोठी." दुसरा म्हणाला, "आणि आपल्या कुणाची मुलं जातात तिथं?"

तेव्हा भिंतीकडची एक बाई उठली. तिची दोन मुलं माझ्याकडे होती, तिसरं पोटात. ती कुणाकडे न बघता बोलली. "ओटी पाडनार दिवाळीनंतर. मग आमी पोरं कुठं ठेवायची? मोगऱ्यात आनू? आनली की तुमीच म्हनता, पोरं कळ्या तुडवतात, घरी ठेव. घरी ठेवली तर आमी घरी. मग कळ्या तुमी खुडा."

बाकांवर बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पहाटेची आपापली मोगऱ्याची रांग आली असणार, आणि तिच्यात वाकलेले आपण स्वतः. माझे यजमान खाली बघून हसले.

सरपंच घसा साफ करून म्हणाले, "ठराव घ्यायला माझी ना नाही. पण जागा? गावठाणात वीतभर जागा नाही. जागा कोण देतो?"

कुणी दिली नाही. जो तो दुसऱ्याच्या बांधाकडे बघायला लागला. मला वाटलं, संपलं. एवढ्यात दाराशी हालचाल झाली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. ग्रामसभेत त्या आयुष्यात कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

"बावखलाकडची माझी पट्टी," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

सरपंच गडबडले. "वहिनी, बसा. विचार करा. मुलांना एकदा विचारा."

"मुलांना विचारून मी बाळंत झाले नव्हते."

वर्ग हसला. दीर मागच्या बाकावर बसला होता. तो हसला नाही.

"पण एक सांगते," सासूबाई म्हणाल्या. "नावाची फरशी लागली पाहिजे. संगमरवरी. नाव कोरायचं, रंगवायचं नाही."

"लावू की वहिनी."

"सगळ्यात वर."

"सगळ्यात वर."

"आणि इमारत होईतो ओटीला कुणी हात लावायचा नाही." हे त्यांनी मागच्या बाकाकडे बघून सांगितलं.

दिरानं पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. त्यानं त्याच्या खोल्या शेवटी मागच्या अंगाला काढल्या. ओटी राहिली, लोंगर पुन्हा टांगले गेले, पोरं खाली बसली.

इमारतीला वेळ लागला. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. आमच्या पेटीत पैसे कमी होते, म्हणून स्लॅबच्या जागी पत्रे आले. खिडक्या लहान, भिंतीवर फळं नाहीत, त्याऐवजी मीच खडूनं चित्रं काढली. मुलांच्या मापाचा संडास नाही. नळ द्यायला पैसे नव्हते, तेव्हा यजमानांनी सासूबाईंच्या विहिरीवरून मोटरचा पाइप ओढून भिंतीला तोटी बसवून दिली. कोनशिला मात्र ठरल्यासारखी आली. सासूबाई दुपारच्या चहानंतर तिकडे फेरी मारत आणि समोर उभ्या राहून ती पदरानं पुसत. दुसऱ्या कुणी पुसलेली त्यांना चालत नसे.

अंगणवाडी आमच्या गावातच राहिली. माझं काम राहिलं. बावखलामागची पोरं आता झोपेत उचलून आणावी लागत नसत, हाकेच्या अंतरावर होती. आयांनी मोगऱ्याच्या रांगेतून मान वर केली की त्यांना पत्रे दिसत. हे सगळं मी मोजून मनाशी धरलं होतं, आणि तरीही पत्र्यांकडे बघताना मला चांदीपचा स्लॅब आठवायचा. ऊन तापलं की पत्रे कडकड वाजत, तेव्हा तर फारच.

पुढच्या उन्हाळ्यात ताई बघायला आली. मी मुद्दाम पत्र्यांचा विषय आधी काढला, तिनं काढण्याआधी. "आमचं आपलं साधं," म्हणाले.

ताई कोनशिलेपुढे थांबली. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "आमच्या सासूला सांगू नको," ती म्हणाली. "अक्षरं तिच्यापेक्षा मोठी हायत."

मग ती आत गेली. मला वाटलं, वर बघेल, खिडक्या बघेल. ती सरळ तोटीपाशी गेली आणि तिनं ती सोडली. पाणी आलं. तिनं तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. ओंजळ भरून प्याली, मानेवर घेतलं, आणि तोटी बंद न करता हात तसाच खाली धरून उभी राहिली.

"तुमच्याकडं रोज येतं?"

"रोज. तुझ्याकडे नळ आहे की. चांगला चकाकणारा."

"नळ हाय," ताई म्हणाली. "पाइप हाय. पानी नाय. उद्घाटनाला टँकरनं टाकी भरली होती, तेवढंच. इमारतीची पेटी वेगळी, पान्याची वेगळी, असं म्हनतात. मी हंडा घेऊन पाड्याच्या विहिरीवर जाते, मग उसळ टाकते."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुला कशाला बोलू?"

ती पाण्याकडे बघत होती. ती नजर मला ओळखीची होती; इतकी वर्षं मी ती आरशात पाहिली होती. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण आधी बरं वाटलं. ते पोटात असं गार गार पसरत गेलं की मला माझीच लाज वाटली नाही.

निघताना तिनं पिशवीतून रिकामी पाच लिटरची कॅन काढली. ती घेऊनच आली होती. "गोड पानी हाय तुमचं. भरून दे," म्हणाली.

मी कॅन धरली आणि तोटी सोडली. जरा गरजेपेक्षा मोठीच सोडली.